श्वास मोजणाऱ्या यंत्रातला मनू

गेल्या महिन्यात एक निवृत्त गिरणी कामगार आमच्याकडे आले. वय पंच्याहत्तर. १९७० साली बदली म्हणून गिरणीत लागले, ८२ चा संप पाहिला, संपानंतर पुन्हा कामावर घेतले गेले आणि गिरणीला टाळे लागेपर्यंत रिंग खात्यातच राहिले. आमचा जिना चढताना ते दोनदा थांबले. वर आल्यावर जयभीम करायलाही त्यांना मिनिटभर दम खावा लागला. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, पिशवीत जुने एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि एक लांबट छापील कागद. तो कागद त्यांनी पुढे केला आणि विचारले, ‘भाऊ, माझा दम खोटा का हा कागद खोटा?’

तो कागद पीएफटीचा, म्हणजे फुप्फुसाच्या ताकदीच्या तपासणीचा होता. आपल्या लोकांत हिला ‘फुंकायची टेस्ट’ म्हणतात. खाली इंग्रजीत निकाल होता, नॉर्मल. आणि वरच्या कोपऱ्यात, नाव, वय, उंची, लिंग या रकान्यांच्या शेजारी आणखी एक रकाना होता. त्या रकान्यात रुग्णाचा वंश लिहिलेला होता.

दवाखान्याच्या कागदावर वंश कशासाठी? आम्ही याच प्रश्नाच्या मागे लागलो. त्यातून जे हाती आले ते आमच्या वाचकांपुढे ठेवणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण यंत्राला जात नसते असे आपल्याला शाळेपासून शिकवले गेले आहे.

ही टेस्ट अशी होते. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात, छाती भरून श्वास घ्यायला सांगतात आणि मग जोर लावून सहाएक सेकंद फुंकत राहायला लावतात. बाजूला उभा असलेला तंत्रज्ञ ‘अजून, अजून, अजून’ असे ओरडत असतो. यंत्र दोन गोष्टी मोजते. एक, एकूण किती हवा बाहेर आली. दोन, पहिल्या सेकंदात किती आली. पहिल्या सेकंदाची हवा एकूण हवेच्या मानाने फार कमी असेल तर श्वासनळ्या आवळलेल्या आहेत, म्हणजे दमा किंवा धुराने होणारा सीओपीडी. एकूण हवाच कमी असेल तर फुप्फुस आखडले आहे, जसे दगडाच्या धुळीने होते. इथपर्यंत यंत्र प्रामाणिक आहे. जेवढी हवा आली तेवढी लिटरमध्ये दाखवते.

गडबड पुढे आहे. तीन लिटर म्हणजे चांगले की वाईट? हे यंत्र स्वतःहून सांगू शकत नाही. त्याला एक तक्ता लागतो. अमुक वयाच्या, अमुक उंचीच्या माणसाने किती फुंकले पाहिजे, त्याला ‘अपेक्षित’ आकडा म्हणतात. तुमची हवा भागिले अपेक्षित हवा, गुणिले शंभर. वर्षानुवर्षे ऐंशी टक्क्यांच्या वर असेल तो बरा, खाली असेल तो आजारी, असा ढोबळ हिशेब चालत आला. आणि हा अपेक्षित आकडा काढताना वंशाचा रकाना कामाला येतो. गोऱ्याचा तक्ता वेगळा, काळ्याचा वेगळा, आपला वेगळा. आपल्या आणि काळ्यांच्या तक्त्यात अपेक्षाच कमी.

उदाहरण घेऊ. समजा एका माणसाच्या वयाला आणि उंचीला गोऱ्यांच्या तक्त्यात चार लिटर हवे. आपल्या माणसाने फुंकले दोन लिटर आठशे. झाले सत्तर टक्के, म्हणजे आजारी. आता त्याच चार लिटरमधून ‘वंशाची सूट’ म्हणून पंधरा टक्के कापा. अपेक्षा उरली तीन लिटर चारशे. तेच दोन लिटर आठशे आता झाले ब्याऐंशी टक्के, आणि माणूस नॉर्मल. माणूस तोच, छाती तीच, सकाळ तीच. फक्त एक बटण दाबले आणि आजार गेला. औषध नाही, रजा नाही, भरपाई नाही.

ही सूट कोणी शोधून काढली ते पाहण्यासारखे आहे. स्पायरोमीटर प्रथम चांगल्या रीतीने बनवले ते इंग्लंडच्या जॉन हचिन्सन या डॉक्टरने, १८४६ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याने दोन हजारांहून अधिक लोकांना फुंकायला लावले, त्यात खलाशी, पोलीस, शिपाई, पैलवान, कंगाल, शिष्ट गृहस्थ असे सगळे होते. त्याला उंचीचा आणि हवेचा संबंध सापडला. क्षयरोग लवकर ओळखता यावा आणि विमा उतरवणाऱ्यांना माणसाचे आयुष्य जोखता यावे, असा त्याचा हिशेब होता. हचिन्सनच्या यंत्रात काळा-गोरा नव्हता.

तो घातला अमेरिकेच्या गुलाम-मालकांनी. थॉमस जेफरसन या अमेरिकेच्या मोठ्या नेत्याने, ज्याने सगळी माणसे समान असल्याचा जाहीरनामा लिहिला आणि आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम बाळगले, त्याने १७८० च्या दशकातच व्हर्जिनियावरील आपल्या पुस्तकात काळ्यांच्या फुप्फुसाची रचना वेगळी असावी असा तर्क मांडून ठेवला होता. पुढे लुइझियानातल्या सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने स्पायरोमीटर हातात घेतला आणि काळ्यांची फुप्फुसे गोऱ्यांपेक्षा वीस टक्के कमी भरतात असे सांगितले. हाच तो कार्टराइट, ज्याने १८५१ साली गुलामांच्या पळून जाण्याला रोग ठरवून त्याला एक ग्रीक वळणाचे नाव दिले. त्याचे निदान पुढे असे की, काळ्याची फुप्फुसे कमजोर, म्हणून त्याचे रक्त सुस्त, म्हणून त्याला सक्तीने राबवले तरच त्याची प्रकृती ठीक राहते. गुलामी हे औषध!

आमच्या वाचकांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटला असेल. शूद्राने तिन्ही वर्णांची सेवा करावी, त्यातच त्याचे कल्याण, असे सांगणाऱ्या पोथीला २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला अग्नी दिला गेला. कार्टराइटच्या पोथीला मात्र कोणी काडी लावली नाही. उलट यादवी युद्धानंतर, १८६९ साली, बेंजामिन गोल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने हजारो सैनिकांच्या मोजमापांचा मोठा ग्रंथ काढला, त्यात काळ्या सैनिकांची हवा कमी भरली. त्यातले किती जण कालपरवापर्यंत गुलाम होते, काय खात होते, कुठे झोपत होते, याचा हिशेब कोणी धरला नाही. १८९६ मध्ये फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीच्या आकडेतज्ज्ञाने याच जातीच्या आकड्यांवरून काळे लोक मुळातच टिकणारे नाहीत असा निष्कर्ष काढला. त्याला उत्तर दिले काळ्या विद्वानांनी. केली मिलर यांनी दिले, डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १९०६ च्या आपल्या आरोग्यविषयक अहवालात दिले. त्यांचे म्हणणे सरळ होते, रोग वंशात नाही, राहणीत आणि गरिबीत आहे. हे तेच ड्युबॉइस ज्यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहून अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. दोन्हीकडचे दुखणे एकाच जातीचे आहे हे बाबासाहेबांना वेगळे सांगावे लागले नव्हते.

आता कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. नाही झाल्या. १९७८ साली अमेरिकेच्या सरकारने कापसाच्या धुळीपासून कामगारांचे रक्षण करण्यासाठी नियम केले. नियम चांगले होते, कामगार संघटनांनी लढून मिळवलेले होते. पण त्याच नियमांत लिहिले गेले की काळ्या कामगाराचा अपेक्षित आकडा ०.८५ ने गुणावा. म्हणजे तेच पंधरा टक्के! १९९९ मध्ये बाल्टिमोरला अ‍ॅस्बेस्टॉसच्या दाव्यांत ओवेन्स कॉर्निंग या कंपनीने कोर्टाकडे मागणी केली की काळ्या कामगारांना दावा लावायचा असेल तर त्यांची फुप्फुसे गोऱ्यांपेक्षा अधिक खराब झालेली दिसली पाहिजेत. कार्टराइटचा वीस टक्क्यांचा शोध दीडशे वर्षांनी वकिलाच्या फायलीत पैसे वाचवायला उपयोगी पडत होता. ल्युंडी ब्राउन या विदुषीने २०१४ च्या आपल्या पुस्तकात ही सगळी वंशावळ मांडली आहे. इंग्रजी वाचणाऱ्या आमच्या तरुण डॉक्टरांनी ते मिळवून वाचावे.

शेवटी २०२३ मध्ये अमेरिकेच्या छातीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने, अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने, वंशाचा रकाना सोडून सर्वांसाठी एकच तक्ता वापरावा असे जाहीर केले. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये याचा हिशेब आला. एकट्या अमेरिकेत सुमारे सव्वा कोटी लोकांच्या श्वासाच्या निदानाचा निकाल या एका बदलाने फिरू शकतो, आणि काळ्या माजी सैनिकांना मिळणारी अपंगत्वाची रक्कम वर्षाला शंभर कोटी डॉलरहून अधिक वाढू शकते. म्हणजे इतकी वर्षे ही रक्कम कोणाच्या छातीतून कापली जात होती ते आता आकड्यात दिसले.

हे सर्व अमेरिकेचे झाले. आमचे काय?

आमच्याकडे काळा-गोरा नाही, पण कोणी कोणत्या खात्यात राबायचे हे ठरवणारी व्यवस्था मुंबईच्या गिरण्यांतही होती. विणकाम खात्यात पगार बरा. तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातून सूत ओढताना ते तोंडाने ओढावे लागे आणि महाराच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? गिरणीतला सवर्ण कामगार लाल बावट्याखाली मालकाशी लढत होता आणि धोट्यापुरता मनूच्या बाजूने होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला आणि १९३८ च्या मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन्ही शत्रू नाव घेऊन सांगितले. तेव्हा आमची माणसे राहिली सूत काढण्याच्या बाजूला, प्रामुख्याने रिंग खात्यात. आणि कापसाच्या धुळीचा नियम असा की, कापूस जितका कच्चा तितकी धूळ जास्त. ब्लोरूम आणि कार्डिंगमध्ये सर्वांत जास्त, मग कताईत, आणि कापड विणले जाते तिथे त्या मानाने कमी. पगार कमी आणि धूळ जास्त, असा हा दुहेरी हिशेब होता. विटाळाचा परिणाम फुप्फुसापर्यंत पोहोचला होता.

या धुळीने होणाऱ्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. गिरणगावातल्या जुन्या माणसांना नाव माहीत नसेल, रोग माहीत आहे. रविवारची सुट्टी घेऊन सोमवारी खात्यात पाऊल टाकले की छाती आवळायची, खोकला यायचा. मंगळवारी, बुधवारी थोडे हलके वाटायचे. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. सुरुवातीला फक्त सोमवार, नंतर आठवडाभर, आणि शेवटी सुट्टीतही दम. कोणी गूळ खायचे, म्हणे घशातला कापूस उतरतो. आणि या रोगाची सर्वांत मोठी लबाडी ही की तो एक्स-रेमध्ये दिसत नाही. दगडाच्या धुळीचे डाग फिल्मवर उमटतात, कापसाच्या धुळीचे उमटत नाहीत. त्यामुळे साक्षीदार दोनच, कामगाराचे तोंडी सांगणे आणि फुंकायची टेस्ट. पाळी सुरू होण्यापूर्वी फुंकायला लावायचे, पाळी संपल्यावर पुन्हा, आणि पहिल्या सेकंदाची हवा किती घटली ते पाहायचे. कामगाराच्या सांगण्यावर व्यवस्थेने कधी विश्वास ठेवला नाही. उरला एकच साक्षीदार, यंत्र. आणि त्याला आधीच पढवून ठेवलेले!

बिसिनोसिस भरपाईयोग्य धंदेरोगांच्या यादीत होता. १९९० च्या दशकात मुंबईतल्या काही डॉक्टरांनी आणि कामगार कार्यकर्त्यांनी कामगारांचे श्वास मोजून ईएसआयकडे दावेही लावले. पण लाखो कामगारांच्या गिरणगावात ते मूठभर. बाकीच्यांना दमा, म्हातारपण, विडी अशी उत्तरे मिळाली.

ईएसआयचा उल्लेख आला म्हणून सांगतो. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्यासाठी १९४३ मध्ये बी. पी. अडारकर यांची नेमणूक झाली आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला तो याच काळात, त्यातून पुढे १९४८ चा ईएसआय कायदा झाला. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणींत स्वतः उतरले होते. आज किती मजूरमंत्री खाणीत उतरतात, हे वाचकांनीच सांगावे.

मूळ मुद्द्याकडे येऊ. आपली हवा खरोखरच कमी भरते का? भरते. हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१३ मध्ये सतरा देशांतल्या विडी-सिगारेट न ओढणाऱ्या निरोगी लोकांची पाहणी ‘लॅन्सेट’च्या श्वसनविषयक नियतकालिकात आली. वय आणि उंचीचा फरक काढून टाकल्यावरही दक्षिण आशियातल्या लोकांची पहिल्या सेकंदाची हवा युरोप-अमेरिकेच्या मानाने सुमारे ३१ टक्के कमी होती. प्रश्न असा की हा फरक आपण जन्माला घेऊन येतो, की आपल्याला तो दिला जातो? शरीराच्या ठेवणीचा थोडा वाटा आहे, धड आणि पाय यांचे प्रमाण सगळीकडे सारखे नसते. पण गर्भात असताना आईला पोटभर न मिळणे, कमी वजनाचे बाळ, पहिल्या पाच वर्षांतले न्यूमोनिया, खिडकी नसलेल्या खोलीतली चूल, शेणी आणि काटक्यांचा धूर, यांनी फुप्फुस पुरते वाढतच नाही, हे शास्त्र सांगते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की जगात सीओपीडीचे खापर केवळ तंबाखूवर फोडता येत नाही, चुलीचा धूर हे त्याचे सर्वांत मोठे कारण असू शकते. आणि चुलीपुढे कोण बसते? दोन पिढ्यांपूर्वीच्या आमच्या आयांपैकी एकीनेही आयुष्यात विडी ओढली नसेल, तरी म्हातारपणी त्या भिंतीला धरून श्वास घेत होत्या.

आता गंमत बघा. आधी उपाशी ठेवायचे, धुरात ठेवायचे, धुळीत राबवायचे. त्याने छाती आखडली की म्हणायचे, यांची छाती जन्मतःच एवढी असते. मग त्या आखडलेल्या छातीचा तक्ता करायचा, त्याला ‘नॉर्मल’ म्हणायचे, आणि त्या तक्त्यावर त्यांचीच मुले तपासायची. अन्यायाचा पुरावाच अन्यायाचे माप होऊन बसतो. जातीने अज्ञानी ठेवायचे आणि अज्ञानी म्हणून खालच्या जातीचे ठरवायचे, हा खेळ आपण तीन हजार वर्षे पाहिला. हा त्याचाच लिटरमधला हिशेब आहे.

शिवाय ‘भारतीय’ म्हणजे कोण? १९३२ मध्ये दक्षिण भारतातल्या १०३ वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या फुप्फुसाची क्षमता मोजून ती प्रसिद्ध झाली होती. १९३२ साली मेडिकल कॉलेजात कोण जात होते? पुढेही विद्यार्थी, हॉस्पिटलचे कर्मचारी, शहरातले लोक अशीच मंडळी बहुतेक वेळा मोजली गेली, कारण ती हाताशी असतात. खडी फोडणारा, उसाच्या फडावरचा, गटारात उतरणारा यांचा श्वास कोणी मोजायचा? आणि जगभरासाठी म्हणून २०१२ साली जो मोठा तक्ता केला गेला त्यात आपल्यासाठी स्वतंत्र जागाच नव्हती, आपण ‘इतर’ मध्ये. वर्णव्यवस्थेच्या बाहेर राहिलेल्यांना ही जागा नवीन नाही!

इथे आमच्यातल्या एका डॉक्टर मित्राने आमचा कान पकडला, तेही सांगितले पाहिजे. तो म्हणाला, उद्या सरसकट गोऱ्यांचा तक्ता लावला तर अर्धा देश आजारी ठरेल. चांगल्या माणसाला फुकटचे सीटी स्कॅन, फुकटची औषधे. कॅन्सरचा रुग्ण असेल तर ‘फुप्फुस कमजोर’ म्हणून सर्जन ऑपरेशन नाकारील. आणि नोकरीच्या भरतीत? अमेरिकेतच हा प्रश्न उभा आहे, नव्या तक्त्याने काही काळे उमेदवार अग्निशमनासारख्या नोकऱ्यांना अपात्र ठरू शकतात. पोरगा धावण्यात पहिला येईल आणि फुंकण्यात नापास होईल. मित्राचे म्हणणे खोटे नाही. एका तक्त्याऐवजी दुसरा तक्ता ही मागणी अपुरी आहे.

बाबासाहेबांनी मापाशी भांडण केले नाही, मापाचा अर्थ लावणाऱ्यांशी केले. साहेबांच्या राज्यात रिस्लेसारख्यांनी माणसांची नाके मोजून जातींची उतरंड वंशावर बसवली. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात बाबासाहेबांनी तेच नाकांचे आकडे घेतले आणि त्यांवरूनच दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही. आम्हालाही स्पायरोमीटर फोडायचा नाही. तो जास्तीत जास्त दवाखान्यांत हवा आहे. आमचे म्हणणे एवढेच की कामगाराची तुलना पुस्तकातल्या माणसाशी नको, त्याच कामगाराच्या कालच्या श्वासाशी करा. कामावर घेताना एकदा फुंकायला लावा, मग दरवर्षी. वयाने प्रत्येकाची हवा थोडी घटतेच, पण धुळीत ती झपाट्याने घटते, आणि ती घट दाखवायला वंशाचा रकाना लागत नाही. ज्याचा चार लिटरचा श्वास दहा वर्षांत तीन झाला त्याला कोणत्या तक्त्याने नॉर्मल ठरवणार?

मालकाने पहिला कागद केलाच नसेल तर? तर त्या न केलेल्या कागदाचा फायदा मालकाला मिळता कामा नये. आजपर्यंत तोच मिळत आला. गोध्र्याच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशच्या झाबुआ-अलिराजपूर भागातले आदिवासी राबले, सिलिकाची पांढरी धूळ छातीत भरून गावी परतले आणि तरुणपणीच मेले. हजेरीपट नाही, ओळखपत्र नाही, तपासणी नाही. अनेकांना टीबीच्या गोळ्या दिल्या गेल्या, कारण सिलिकोसिस आणि टीबी फिल्मवर सारखे भासू शकतात, आणि गरिबाचा खोकला म्हणजे टीबी अशी डॉक्टरांचीही सवय. सिलिकाच्या धुळीने टीबी होण्याची शक्यता खरोखर वाढते, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो. तरी रुग्णाला ‘काम काय करतोस’ हा एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? मानवाधिकार आयोग आणि सुप्रीम कोर्ट यांच्या दारात वर्षे गेल्यावर २०१६ साली २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये गुजरात सरकारने द्यावेत असा आदेश झाला. राजस्थानने २०१९ मध्ये न्यूमोकोनिओसिससाठी स्वतंत्र धोरण आणले, प्रमाणपत्र मिळताच तीन लाख आणि मृत्यूनंतर वारसांना दोन लाख. शाहू-फुले-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राने खदानीत राबणाऱ्या वडार, भटक्या, बौद्ध कामगारांसाठी असे धोरण का करू नये?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. चाळीस वर्षांवरील कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी, हे त्यातले मोठे कलम म्हणून सरकारने मिरवले. चाळीस! गोध्र्याला मेलेल्यांत विशी-तिशीतली पोरे होती. धोकादायक उद्योगांचे वेगळे नियम असतात असे उत्तर येईल, पण ज्या खडी मशीनवर दहा माणसेही कागदावर नसतात तिथे कोणती संहिता पोहोचते? आणि तपासणी म्हणजे काय करणार? रक्तदाब, साखर, वजन?

करोनाच्या लाटेत २०२१ साली आपण सगळे बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलो होतो. त्याच्या आधीच, डिसेंबर २०२० मध्ये, अमेरिकेत प्रसिद्ध झाले होते की काळ्या त्वचेवर ते यंत्र ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दाखवण्याची चूक गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा करते. घरी थांबा, ९४ आहे, असे कितीजणांना सांगितले गेले असेल!

येत्या १४ एप्रिलला गावोगाव आरोग्य शिबिरे होतील. मंडळांना आमची सूचना आहे की साखरेच्या पट्ट्यांबरोबर एक स्पायरोमीटर मागवा, छातीच्या डॉक्टरला बोलवा, आणि नोंदीच्या कागदावर वंशाचा रकाना सोडून त्या जागी ‘काम कोणते, किती वर्षे, धूळ कशाची’ असा रकाना छापा. लिटरमधला मूळ आकडा ठळक लिहा, टक्के नंतर. कागदाची एक प्रत ज्याची छाती त्याच्या हातात द्या.

आमच्याकडे आलेल्या त्या काकांना आम्ही दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवले. त्याने तीच टेस्ट वंशाच्या सुटीशिवाय वाचली, पूर्वीचे काम विचारले आणि औषधे बदलली. भरपाईचा प्रश्न निघाला तेव्हा जुना कागद हवा होता. गिरणीत असताना कधी फुंकायला लावले होते का, असे आम्ही विचारले. ते आठवू लागले. मग म्हणाले, छाती एकदा मोजली होती, भरतीच्या दिवशी, मुकादमाने, टेपने.